छापील वेग आणि खरा वेग

संगणकाच्या प्रोसेसरला त्याच्या वेगाचा एक आकडा लावलेला असतो. हा आकडा म्हणजे त्या नगाचे मोजून काढलेले माप होय, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ते माप नव्हे. ते कारखानदाराचे वचन आहे. निदान एवढा वेग हा प्रोसेसर निर्धोकपणे सांभाळील, इतकेच तो आकडा सांगतो. त्यापलीकडे तो किती धावेल, हे प्रत्येक नगागणिक निराळे असते. प्रयोगशाळेतील जाणकारांना जुनेच असलेले हे सत्य १९९८ साली सामान्य ग्राहकाच्या मेजावर येऊन पोहोचले.

त्या वर्षी २४ ऑगस्टला इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३०० ए’ हा स्वस्त प्रोसेसर विक्रीस आणला. प्रोसेसरचे सारे काम ठेक्यावर चालते. सेकंदाला ३० कोटी ठेके, म्हणजेच ३०० मेगाहर्ट्‌झ, हा त्याचा छापील वेग. मदरबोर्डाचा सुमारे ६६ मेगाहर्ट्‌झचा मूळ ठेका साडेचाराने गुणून तो साधला जाई. हौशी मंडळींनी हा मूळ ठेका १०० वर नेला आणि तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्‌झने चालू लागला. त्याच दिवशी बाजारात आलेल्या, सुमारे चौपट किमतीच्या ‘पेंटियम २’शी तो अनेक कामांत बरोबरी करू लागला. छापील वेगाच्या पलीकडे प्रोसेसरला असे पळवण्यास ‘ओव्हरक्लॉकिंग’ म्हणतात. परंतु सर्वांनाच हे भाग्य लाभले नाही. एकाचा नग विनातक्रार धावे, दुसऱ्याचा थोडे अधिक व्होल्टेज दिल्यावर धावे, तर तिसऱ्याचा संगणक सुरूच होत नसे. आराखडा एक, छापील आकडाही एक. मग हा भेद कुठून आला?

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. १९२४ साली अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत वॉल्टर शूहार्ट यांनी कारखान्यातील मालाच्या फरकांचा आलेख मांडला. टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या त्या कंपनीला एकसारखा माल हवा होता. शूहार्ट यांनी दाखवून दिले की, फरकाची कारणे दोन प्रकारची असतात. काही शोधून दूर करता येतात. काही मात्र अनेक बारीक यदृच्छांची बेरीज असतात आणि ती उत्पादनाच्या अंगभूतच असतात. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ साली भारतातही आले होते आणि येथील कारखानदारीत गुणनियंत्रणाच्या संख्याशास्त्राला त्या भेटीने चालना मिळाली.

सिलिकॉनच्या सूक्ष्म जगात या दुसऱ्या प्रकारच्या कारणांना विलक्षण महत्त्व आले. सेलेरॉन ३०० ए मध्ये सुमारे १ कोटी ९० लाख ट्रान्झिस्टर होते आणि ज्या तंत्राने ते घडवले त्याचे माप पाव मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चार हजारावा भाग, एवढे होते. सिलिकॉनच्या एका गोल चकतीवर असे अनेक प्रोसेसर एकदम घडतात. प्रकाशाने नक्षी उमटवणे, थर चढवणे, थर कोरणे अशा शेकडो क्रियांतून चकती जाते. मध्यभागी थर किंचित जाड आणि कडेला पातळ झाला, किंवा नक्षीची रेघ केसाच्या सहस्रांशाने अरुंद झाली, तरी ट्रान्झिस्टरची चपळाई बदलते.

याहून खोल कारण अणूंच्या पातळीवर आहे. ट्रान्झिस्टर घडवताना सिलिकॉनमध्ये बोरॉन किंवा फॉस्फरस यांसारख्या परक्या द्रव्याचे अणू मिसळतात. हे अणू एकेक मोजून लावता येत नाहीत. शेतात फोकून पेरलेल्या बियाण्याप्रमाणे ते कुठे दाट, कुठे विरळ पडतात. ट्रान्झिस्टर मोठा असतो तेव्हा ही विषमता सरासरीत लोपते; तो लहान होत जातो तसतशी ती वर येते. ही मर्यादा हॉनआइझेन आणि कार्व्हर मीड यांनी १९७२ मध्ये, तर रॉबर्ट कीज यांनी १९७५ मध्ये दाखवून दिली होती.

प्रोसेसरचा वेग ठरतो तो त्याच्या सर्वांत मंद वाटेवरून. एका ठेक्यात संकेताने ट्रान्झिस्टरांच्या एका मालिकेतून पार व्हावे लागते. लक्षावधी वाटांपैकी एखादीच रेंगाळली तरी उत्तर चुकते. व्होल्टेज वाढवल्यास मंद वाटही चपळ होते; परंतु विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १० टक्के व्होल्टेज वाढले की त्याच वेगालाही २१ टक्के वीज अधिक लागते आणि तिची उष्णता होते. ओव्हरक्लॉकिंगची सीमा अखेर ही उष्णताच आखते.

म्हणून कारखान्यात प्रत्येक नग तपासून त्याची प्रतवारी करतात आणि उन्हाळा, जुनेपणा, विजेचे चढउतार यांसाठी काही वेग राखून आकडा लावतात. येथे बाजाराचाही हात लागतो. तंत्रावर हात बसला की बहुतेक नग वरच्या प्रतीचे निघू लागतात. मागणी मात्र स्वस्त मालाला अधिक असते. तेव्हा चांगल्या नगांनाही खालचा आकडा लागतो. सेलेरॉनचे गुपित बव्हंशी हेच होते.

या तफावतीचा गैरफायदाही घेतला गेला. स्वस्त प्रोसेसरवरील आकडा खरवडून त्यावर वरचा आकडा छापण्याचा धंदा १९९० नंतरच्या दशकात चालला. आकड्यावर विसंबून पैसे मोजणाऱ्या ग्राहकाचा त्यात घात होई. इंटेलने पुढे गुणकच कुलूपबंद केला. फसवणूक त्यामुळे अवघड झाली, पण प्रामाणिक हौशी ग्राहकाचा एक मार्गही बंद झाला. सेलेरॉनवाल्यांना मूळ ठेक्यालाच हात घालावा लागला तो याच कारणाने.

इंटेलमधील शास्त्रज्ञ शेखर बोरकर आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये या भेदाची मापे प्रसिद्ध केली. बोरकर हे मुंबई विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकलेले. ०.१८ मायक्रॉन तंत्राच्या एकाच जातीच्या प्रोसेसरांत वेगाचा फरक ३० टक्क्यांपर्यंत, तर विजेच्या गळतीचा फरक २० पटींपर्यंत आढळला. चपळ नग बहुधा गळकेही असत. म्हणजे निसर्गाने दिलेल्या वेगाची किंमतही निसर्गच वसूल करीत होता.

२००८ नंतर प्रोसेसर स्वतःचे तापमान आणि वीज पाहून आपला वेग आपणच वाढवू लागले. राखून ठेवलेला बराचसा वेग त्यामुळे कारखानाच वापरू लागला आणि ग्राहकाच्या नशिबी पूर्वीसारखे घबाड उरले नाही. तरीही दोन नग एकसारखे निघत नाहीत ते नाहीतच. यंत्रयुगाने एकसारखेपणा निर्माण केला असे म्हटले जाते. खरे पाहता त्याने फरक मोजायला, त्याला सीमा घालायला आणि त्या सीमेच्या आतले वचन पाळायला शिकवले. प्रोसेसरच्या आकड्यावर ग्राहक विश्वास टाकतो, तो या वचनाच्या बळावर.