तक्ता आणि कामाची मांडणी

शाळेची खोली बांधायची असो की विहीर खणायची असो, काम हाती घेतले की दोन प्रश्न उभे राहतात. कोणते काम केव्हा संपणार? आणि एक काम लांबले, तर पुढच्या कामांचे काय? आज याची उत्तरे पुष्कळ जण कॉम्प्युटरवरील स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे ओळी व रकाने यांच्या तक्त्यात, शोधतात. पण ही मांडणी कॉम्प्युटरहून जुनी आहे.

पोलंडमधील कारोल आदामीएत्स्की या इंजिनिअराने 1896 च्या सुमारास कामे आणि वेळ एकाच तक्त्यात दाखविण्याची रीत बसविली. पुढे 1910 नंतर अमेरिकेतील हेन्री गँट यांचे तक्ते गाजले. डाव्या बाजूला कामांची नावे, वर दिवस किंवा आठवडे, आणि प्रत्येक कामापुढे त्याच्या मुदतीएवढी आडवी पट्टी. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने शस्त्रे आणि जहाजे यांच्या कामावर असेच तक्ते वापरले. कोणते काम मागे पडले, हे नुसत्या नजरेने कळू लागले.

अडचण एकच होती. एक पट्टी सरकली की तिच्यामागच्या साऱ्या पट्ट्या खोडून पुन्हा काढाव्या लागत. 1958 मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ‘पर्ट’ ही नियोजनाची पद्धत काढली आणि तिच्या हिशेबाला कॉम्प्युटर लावला. परंतु तेव्हाचा कॉम्प्युटर खोलीभर मोठा. तो सरकारला किंवा बड्या कंपन्यांनाच परवडे.

सामान्य माणसाच्या हाती हे साधन आले ते वेगळ्याच वाटेने. 1978 मध्ये हार्वर्ड येथे व्यापारशास्त्र शिकणारे डॅन ब्रिकलिन वर्गात बसले असता प्राध्यापक फळ्यावर हिशेबाचा तक्ता मांडीत होते. एक आकडा चुकला, तशी त्यावर अवलंबून असलेली सगळी घरे पुसावी लागली. आता मास्तरमंडळींना हे दुखणे काही नवे नाही! ब्रिकलिन यांच्या मनात आले, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलतील असा फळा का नसावा? बॉब फ्रँकस्टन यांच्या साथीने त्यांनी 1979 मध्ये ‘व्हिजिकॅल्क’ हा प्रोग्रॅम बाजारात आणला. मागून 1983 मध्ये ‘लोटस 1-2-3’ आणि 1985 मध्ये ‘एक्सेल’ आले.

ही साधने होती पैशाच्या हिशेबाची. मग ती कामाच्या नियोजनाला कशी लागू पडली? कारण तारीखही या तक्त्याला दिवसांचा आकडाच असते. समजा, पायाला 20 दिवस, भिंतींना 30 आणि छपराला 15 दिवस. खोली 65 व्या दिवशी पुरी व्हायची. ‘मागचे काम संपले की दुसऱ्या दिवशी पुढचे सुरू’ असे सूत्र घरात एकदा लिहून ठेवावे. पायाच्या 20 च्या जागी 25 लिहिले, की शेवटचा दिवस आपोआप 70 वा होतो. खोडाखोड नाही, की पुन्हा बेरीज नाही.

मात्र यंत्र बेरीज करते, शहानिशा करीत नाही. 2020 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडमध्ये करोनाच्या 15,841 रुग्णांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून सुटल्या. कारण काय, तर एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलमध्ये 65,536 पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत; उरलेल्या मुकाट्याने गळाल्या. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांचा शोध लांबला. साथीच्या दिवसांत असा उशीर किती महागात पडतो, हे सांगायला नको.

म्हणून तक्ता करताना ‘केव्हा संपायला हवे’ या रकान्याशेजारी ‘प्रत्यक्ष केव्हा संपले’ हाही रकाना ठेवावा, आणि तो कामाच्या जागी जाऊन, स्वतः पाहून भरावा. एकूण नोंदी किती आल्या आणि तक्त्यात किती उतरल्या, हे अधूनमधून मोजून घ्यावे. पुसण्याचे कष्ट यंत्राने वाचविले हे खरे. पाया खरोखर भरला की नाही, हे पाहायला मात्र माणसालाच जावे लागते.