थोरल्या भावंडाचे देणे

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. शाळेत मीही आयुष्यभर तेच शिकवले. निवृत्तीनंतर सवडीने वैद्यकाचा इतिहास वाचू लागलो. त्यातल्या एका प्रकरणात ज्यांचे ऋण सर्वात मोठे, ती तान्ही मुले आहेत आणि त्यांची नावे कुठल्याच ग्रंथात नाहीत.

प्रकरण आहे क्राबे नावाच्या आनुवंशिक आजाराचे. क्नूद क्राबे या डॅनिश डॉक्टरांनी १९१६ साली त्याचे वर्णन केले. विजेच्या तारेवर असते तसे आवरण आपल्या मज्जातंतूंवर असते. या आजारात एक एन्झाइम कमी पडते आणि ते आवरण नष्ट होत जाते. बाळ जन्मते तेव्हा चांगले असते. काही महिन्यांनी ते सारखे रडू लागते, अंग ताठरते, दृष्टी जाते. बहुतेक बाळे दोन वर्षांच्या आत दगावतात.

उपायाची वाट दुसऱ्याच आजारांतून निघाली. १९६८ साली अमेरिकेत एलिझाबेथ न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हर्लर आणि हंटर या दोन आजारांच्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी एकत्र वाढवल्या. दोन्ही सुधारल्या! शेजारणीने वाटीभर साखर द्यावी, तशी एक पेशी दुसरीला हवे ते एन्झाइम देत होती. मग निरोगी माणसाच्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशीच रुग्णाला दिल्या तर? १९८१ साली लंडनच्या डॉ. हॉब्ज यांनी हर्लर झालेल्या मुलावरील अस्थिमज्जा रोपणाची हकीकत प्रसिद्ध केली. अशा पेशींची काही प्रजा मेंदूत जाऊन वस्ती करते. पण त्याला महिने लागतात, आणि आजार तेवढा थांबत नाही.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २००५ साली क्राबेच्या २५ बाळांचा अनुभव मांडला. सर्वांना दात्यांच्या नाळेतील रक्ताच्या मूळपेशी दिल्या होत्या. लक्षणे दिसू लागलेल्या १४ बाळांपैकी ६ वाचली, पण त्यांच्यात फारशी सुधारणा झाली नाही. लक्षणे दिसण्याआधी, जन्मानंतरच्या पहिल्या दीड महिन्यातच रोपण झालेली ११ च्या ११ तोवर जिवंत होती.

इथे इतिहासाच्या मास्तरला प्रश्न पडतोच. बाळ चांगले दिसत असताना आजार कळला कसा? उत्तर वाचून मी पुस्तक मिटून बसलो. त्या घरांत आधी कुणाला तरी हा आजार झाला होता, बहुतेक ठिकाणी थोरल्या भावंडाला. २०१३ साली इटलीत मिलानच्या डॉक्टरांनी अशाच दुसऱ्या एका आजारात, मुलांच्या स्वतःच्याच मूळपेशींत जनुक घालून, लक्षणांआधी उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. तिथेही थोरल्यामुळेच धाकट्याचे निदान झाले होते.

याला बलिदान म्हणावे का? मला तो शब्द पटत नाही. बलिदान माणूस समजून-उमजून करतो. या लेकरांना कुणी काही विचारले नव्हते.

न्यूयॉर्क राज्याने २००६ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावर क्राबेची तपासणी सुरू केली, ती म्हणूनच मला महत्त्वाची वाटते. थोरल्याने आधी आजारी पडावे लागू नये, हा तिचा अर्थ. रोपण म्हणजे जादू नव्हे. त्यात जिवाला धोका असतो, आणि वाचलेल्या अनेक मुलांना पुढे चालण्या-बोलण्यात अडचणी आल्या.

आपल्याकडे एका घरात अशी दोन मुले गेली, की अजूनही सुनेला बोल लावणारे भेटतात. क्राबेचा दोष आई आणि वडील दोघांकडून सारखाच येतो, आणि दोघेही निरोगी असतात. तेव्हा वाचकहो, घरात असे मूल गेले असेल तर त्याचे कागद माळ्यावर टाकू नका. पुढच्या खेपेला डॉक्टरांसमोर सर्वात आधी तेच ठेवा.