वढूची नोंदवही आणि पुण्याची प्रयोगशाळा

मानवी विषाणूंवर पुण्यात जे संशोधन झाले, त्याचा एक भाग शहरातल्या प्रयोगशाळेत घडला आणि दुसरा शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक या गावी. छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे वढू सर्वांना ठाऊक आहे. भीमेकाठच्या या गावात आरोग्याची मोजदाद अर्ध्या शतकापासून चालू आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

प्रयोगशाळेची बाजू आधी उभी राहिली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून 1952 मध्ये पुण्यात विषाणू संशोधन केंद्र काढले. 1978 मध्ये त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झाले. लोकांच्या तोंडी ती 'एनआयव्ही'. डास, गोचीड यांच्यामार्फत पसरणारे विषाणू हा तिचा मूळ विषय. 1957 मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली, आणि त्या तपासातून क्यासनूर जंगलतापाचा विषाणू हाती लागला. 1965 मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातील तापाच्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि गावाचे नाव जगाच्या विषाणूसूचीत गेले. 1973 मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची मोठी साथ आली, तिचा तपासही पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी केला.

या पद्धतीला एक मर्यादा होती. साथ आली की पथक जायचे, रक्ताचे नमुने घ्यायचे आणि परतायचे. नमुन्यात कोणता विषाणू आहे हे प्रयोगशाळा सांगू शके. पण गावातल्या किती माणसांपैकी किती आजारी पडली, किती घरीच बरी झाली, किती गेली, हे कळायला आधीपासून नेमकी गणती असावी लागते. अंश प्रयोगशाळेत मिळतो, छेद गावात. हा छेद पुरवण्याचे काम वढूने केले.

त्यामागे डॉ. बानू कोयाजी होत्या. 1917 मध्ये जन्मलेल्या या स्त्रीरोगतज्ज्ञ 1944 पासून पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात होत्या. शहरात येणाऱ्या बाळंतिणी इतक्या उशिरा का पोचतात, याचे उत्तर गावातच शोधावे लागेल असे त्यांना वाटे. 1972 मध्ये त्यांनी रुग्णालयाचे काम वढूत नेले. गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवायचे, गरोदर बाई, तान्हे मूल, जुलाब, ताप यांची माहिती ठेवायची, असा हा क्रम होता. 1989 मध्ये त्यांना पद्मभूषण आणि 1993 मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या हयातीत, 2002 मध्ये, या कामाला शास्त्रीय शिस्त आली: शिरूर आणि हवेली तालुक्यांतील 22 गावांत लोकसंख्येची कायम पाहणी सुरू झाली. जन्म, मृत्यू, लग्न करून आलेली सून, कामासाठी परगावी गेलेला मुलगा, सगळ्यांची नोंद ठरावीक महिन्यांनी अद्ययावत होऊ लागली. नगर रस्त्यालगत कारखाने आले तशी भाडेकरूंची वस्ती वाढली आणि हे काम आणखी किचकट झाले. आज जिथे दार वाजवले तिथे सहा महिन्यांनी दुसरेच कुटुंब असते. पण इथली नोंद किती नेटकी आहे, याचा कस अशा भाड्याच्या खोल्यांतच लागतो.

2009 मध्ये स्वाइन फ्लूची साथ पुण्यात धडकली तेव्हा या नोंदीचे मोल दिसले. वढू परिसरातल्या रुग्णालयांत तापाने वा श्वसनाच्या त्रासाने दाखल झालेल्यांच्या नाकातून व घशातून स्वॅब घेतले जात. ते गार ठेवून एनआयव्हीत पोचवायचे आणि तिथे आरटी-पीसीआर चाचणी व्हायची. रुग्ण कोणत्या गावाचा हे नोंदवहीत असल्याने दर हजारी प्रमाण काढता आले. वर्षानुवर्षे असे नमुने घेतल्यावर पश्चिम महाराष्ट्रात फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो हे पक्के झाले. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यासाठी दिली जाणारी लस इथे मृगाच्या आधी टोचली पाहिजे, हा याचा अर्थ.

तान्ह्या मुलांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरील लसीची चाचणी याहून खोलवर गेली. दिल्लीतल्या एका नवजात बाळाकडून मिळालेल्या 116ई या विषाणूपासून ही लस बनली होती. 2011–12 मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि पुणे (म्हणजे वढू) येथे मिळून 6,799 तान्ह्या बाळांना चाचणीत घेतले. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या सुमारास तोंडात थेंब. नंतर जुलाब झाला की शौचाचा नमुना, किती वेळा, किती दिवस, उलटी, ताप, पाण्याची कमतरता यांचे गुण मोजून तीव्रता ठरवायची. रोटाव्हायरसच्या गंभीर जुलाबांपासून पहिल्या वर्षी सुमारे 56 टक्के संरक्षण मिळाले. आकडा माफक वाटतो, पण हा आजार दर वर्षी हजारो बालके नेत होता. 2016 पासून लस राष्ट्रीय कार्यक्रमात आली.

गोवराची लस सुईऐवजी फवाऱ्यातून देण्याची चाचणी पुणे जिल्ह्यातील खेड्यांतच झाली. 9 ते 12 महिन्यांच्या 2,004 बाळांपैकी निम्म्यांना मास्क लावून फवारा दिला. 91 दिवसांनी रक्त तपासले तेव्हा फवारा घेतलेल्यांत 85.4 टक्के, सुई घेतलेल्यांत 94.7 टक्के बाळांत गोवरविरोधी प्रतिपिंडे होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने सुईच चांगली ठरली. नकारार्थी उत्तर निर्विवाद मिळणे हेही चाचणीचे यश होते. प्रतिपिंडे रक्तद्रवात मोजता येतात, पण प्रतिकाराची आठवण ठेवणाऱ्या पेशी जिवंत तपासायच्या तर रक्त घेतल्यापासून काही तासांत त्या वेगळ्या करून द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवाव्या लागतात. म्हणून गावातल्या चाचणीत प्रतिपिंडांची मोजणी होते, पेशींची तपासणी बहुधा शहराजवळच राहते.

2020 मध्ये एनआयव्हीने कोरोना विषाणू मार्चमध्ये वेगळा केला. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाच्या तळावर मुंबईच्या बंदोबस्तावरून परतलेले जवान बाधित आढळले; साथ शहराबाहेर तालुक्यांतही पोचली होती. त्याच वर्षी कोव्हिशील्ड या कोरोनावरील लसीच्या भारतातील चाचण्यांमध्ये के.ई.एम.चे वढू केंद्र सामील झाले. ज्या घरांतून 2002 पासून जन्ममृत्यू विचारले जात होते, त्या परिसरातले लोक आता स्वतःहून दंडात सुई घ्यायला पुढे आले.