लग्न खरं आहे हे सरकारला कसं कळतं? : ग्रीन कार्डच्या मुलाखतीमागचा इतिहास

आज आपण एका छोट्या खोलीचा इतिहास पाहणार आहोत. अमेरिकेत नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी माणसाला कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड, हवं असेल तर साधारणपणे नवरा-बायकोला जोडीनं सरकारी कचेरीत मुलाखतीला बोलावतात. दोघंही उजवा हात वर करून खरं बोलण्याची शपथ घेतात. मग अधिकारी विचारतो : पहिल्यांदा कुठे भेटलात? लग्नाला कोण कोण आलं होतं? घरभाडं कोण भरतं? टेबलावर दोघांच्या नावचे बँकेचे उतारे, भाडेकरार, विम्याचे कागद आणि फोटोंचा अल्बम असतो.

आपल्यापैकी कित्येकांची मुलं, सुना, जावई या खोलीतून गेले असतील. त्यांनी सांगितलेल्या गमतीही आपण ऐकल्या असतील. आपला आजचा प्रश्न वेगळा आहे. लग्न खरं की खोटं हे तपासण्याचं काम सरकारकडे आलं कसं? आणि ‘खरं’ या शब्दाचा अर्थ वेळोवेळी काय धरला गेला?

सुरुवात १८७५ सालापासून करू. त्या वर्षी अमेरिकेत पेज कायदा झाला. चीन, जपान आणि पूर्वेकडच्या देशांतून वेश्याव्यवसायासाठी स्त्रियांना आणण्यावर त्यानं बंदी घातली. हेतू ऐकायला ठीक वाटतो. अंमलबजावणी मात्र अशी झाली, की हाँगकाँगमधला अमेरिकी वकिलातीचा अधिकारी जहाजावर चढण्यापूर्वीच प्रत्येक चिनी स्त्रीची चौकशी करू लागला. नवऱ्याकडे निघालेल्या लग्नाच्या बायकोलाही आपण ‘तसल्या’ नाही हे पटवून द्यावं लागे. म्हणजे पहिल्या टप्प्यावर तपासणी नात्याची नव्हतीच, ती बाईच्या चारित्र्याची होती.

पुढे १८८२ साली चिनी मजुरांना बंदी झाली. व्यापाऱ्यांच्या बायका आणि नागरिकांची मुलं यांना काही वाटा मोकळ्या राहिल्या. १९०६ च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोची सरकारी दप्तरं जळाली आणि कोण कुणाचा मुलगा हे कागदावरून सिद्ध करणं अवघड होऊन बसलं. मग १९१० ते १९४० या काळात त्या शहराजवळच्या एंजल आयलंडवर जबान्यांचं तंत्र फार पुढे गेलं. तुमच्या गावात घरांच्या किती रांगा आहेत? विहीर कुठल्या बाजूला? तांदळाची कणगी कुठे ठेवता? असेच प्रश्न नातेवाइकांना वेगवेगळं बसवून विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची. खोटं नातं सांगणारे पुस्तिका पाठ करून येत, आणि खरं नातं असणारेही घाबरून पाठ करून येत. आजच्या मुलाखतीची रीत आपल्याला इथे दिसू लागते : नातं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घराचा तपशील विचारायचा.

आता एक प्रसंग, जो आपल्या अधिक जवळचा आहे. १९०७ च्या कायद्यानुसार परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकी बाईचं नागरिकत्वच जात असे. १९२२ साली तो नियम बदलला, पण ज्या पुरुषाला वंशामुळे नागरिक होता येत नाही त्याच्याशी लग्न केलं, तर शिक्षा कायम राहिली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं, की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थानं गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद यांचे वकील होते सखाराम गणेश पंडित. ते स्वतः आधीच नागरिक झालेले होते आणि त्यांची पत्नी गोरी अमेरिकन होती. सरकारनं पंडितांचंच नागरिकत्व रद्द करायला दावा लावला. ते गेलं असतं तर वकिली जाणार होती आणि पत्नीही स्वतःच्या जन्मदेशात परकी होणार होती. पंडित लढले आणि जिंकले. १९२७ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूच्या निकालात हात घालायला नकार दिला. लक्षात घ्या, या लग्नाच्या खरेपणाबद्दल कुणालाच शंका नव्हती. तरी ते पुरेसं ठरत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९४५ च्या डिसेंबरात सैनिकांच्या परदेशी जोडीदारांसाठी खास कायदा झाला आणि लग्न हा प्रवेशाचा मोठा दरवाजा बनला. दरवाजा मोठा झाला की चोरवाटही निघते. तीन माजी सैनिकांनी पॅरिसला जाऊन पोलंडच्या तीन निर्वासितांशी लग्नं लावली. अमेरिकेत आल्यावर जोडपी एकत्र राहिलीच नाहीत. हा लुटवाक खटला १९५३ मध्ये निकाली निघाला. बहुमताचं म्हणणं असं, की विधी कायदेशीर झाला का हा प्रश्न गौण आहे. दोघांना मिळून संसार थाटायचा होता का, हे पाहायचं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी मत दिलं. सोयीची लग्नं जगात काही दुर्मीळ नाहीत, आणि कायद्यानं वैध असलेल्या लग्नाला फसवणूक कसं म्हणायचं, अशी त्यांची अडचण होती. आम्हाला ही अडचण आजही खरी वाटते.

१९७५ साली बार्क खटल्यात एका अपील न्यायालयानं कसोटी नेमकी केली : लग्नाच्या वेळी दोघांचा हेतू काय होता? पुढे खटके उडाले, वेगळे राहिले, एवढ्यावरून लग्न खोटं ठरत नाही. परदेशी माणसाचा संसार नागरिकांच्या संसारापेक्षा अधिक सुखाचा असावा, अशी अट सरकारला घालता येणार नाही. १९७६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्टोक्स प्रकरणात तडजोड झाली आणि नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून विचारताना कुठले हक्क पाळायचे हे ठरलं. अशा मुलाखतीला आजही त्याच नावानं ओळखतात.

मग आला १९८६ चा कायदा. लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर ग्रीन कार्ड सशर्त मिळेल, आणि ती दोन वर्षं पुरी होत आली की दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे सातवं पाऊल पडलं की विवाह पूर्ण होतो. इथे मात्र आठव्या पावलासाठी दोन वर्षं थांबायचं, आणि तेही जोडीदारानं सही दिली तर! मारहाण सोसणाऱ्या बाईचं काय, हा प्रश्न उभा राहिला. म्हणून १९९० मध्ये छळ झालेल्या जोडीदाराला एकट्यानं अर्ज करण्याची सवलत मिळाली.

आमची एक जुनी विद्यार्थिनी मुलाखतीआधी आम्हाला विचारत होती, “सर, आमचं लग्न ठरवून झालं. लग्नाआधी आम्ही तीनदाच भेटलो. त्यांना हे खोटं वाटेल का? थोडं प्रेमविवाहासारखं सांगू का?” आम्ही म्हटलं, मुली, घडलं तसंच सांग. कांदेपोहे झाले तर कांदेपोहे सांग. घरच्यांनी ठरवलं म्हणून तुम्हा दोघांचा हेतू उसना होत नाही. एखादी गोष्ट आठवत नसेल, तर आठवत नाही म्हण. शपथेवर रचलेली एक गोड गोष्ट खऱ्या लग्नालाही अडचणीत आणू शकते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात जुनाच पेच दिसतो. हेतू आत असतो, पुरावा बाहेर. अधिकाऱ्याला बाहेरचंच दिसणार, आणि खोटी लग्नं होतात हेही खरं, म्हणून तपासणी नकोच असं म्हणता येत नाही. पण बाहेरचं पाहताना तो कुणाच्या संसाराचा नमुना डोळ्यांसमोर ठेवतो, हा प्रश्न राहतो. एकत्र बँक खातं नसलेले, नोकरीपायी दोन शहरांत राहिलेले, एकमेकांचा आवडता रंग ठाऊक नसलेले किती संसार आपण आपल्या वाड्यांत आणि चाळींत पाहिले! ते खोटे होते का? १८७५ पासूनची ही हकिकत पाहिली की एवढं कळतं : तपासणीचा नियम सगळ्यांना सारखा दिसला, तरी संशयाचं ओझं बहुतेक वेळा परक्या आणि गरीब माणसावर, त्यातही बाईवर अधिक पडलं. मुलाखतीच्या गमती ऐकताना तेवढं आपण ध्यानात ठेवू.

आता आपले प्रश्न घेऊ.