लिहिल्याची पोंच

रजिस्टर पत्र टाकल्यावर पोंच हातीं येईपर्यंत मनाला स्वस्थता नसते. पत्र घेणाऱ्याची सही तिच्यावर असते, म्हणूनच तिला किंमत. पत्र पेटींत पडतांक्षणींच कोणी ‘पोंचलें’ असें लिहून देऊं लागला, तर त्या कागदावर विश्वास कोण ठेवील? दूरच्या संगणकावर फाइली लिहिण्याच्या इतिहासांत हाच प्रश्न उभा राहिला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

१९८२ सालीं कॅलिफोर्नियांत सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी निघाली. प्रत्येक अभ्यासकाच्या मेजावर एकेक संगणक असावा, हें तिचें धोरण. परंतु डिस्क त्या काळीं महाग. म्हणून फाइली एका सर्व्हरवर ठेवाव्या आणि इतर संगणकांनीं त्या नेटवर्कवरून आपल्याच घरच्या असल्याप्रमाणें वापराव्या, अशी योजना निघाली. सँडबर्ग, गोल्डबर्ग, क्लाइमन, वॉल्श व लायन या पांच जणांनीं १९८५ च्या उन्हाळ्यांत पोर्टलंड येथील यूझनिक्स परिषदेंत ती निबंधरूपानें मांडली. तिचें नांव नेटवर्क फाइल सिस्टिम, अर्थात् एन.एफ.एस.

या योजनेचें मर्म असें, कीं सर्व्हरनें कोणाचीहि आठवण ठेवावयाची नाहीं. उधारीची वही न ठेवणाऱ्या दुकानदाराप्रमाणें प्रत्येक व्यवहार त्यानें तेथल्या तेथें पुरा करावयाचा. सर्व्हर मध्येंच बंद पडला, तर मागणारा संगणक तीच मागणी पुनः पुनः करीत राहतो. ‘सर्व्हर उत्तर देत नाहीं, प्रयत्न चालू आहे’ अशा अर्थाची सूचना पडद्यावर येते. सर्व्हर उठला कीं काम पूर्ववत् सुरू होतें.

परंतु या सोयीला एक कडक अट होती. पोंच मिळतांच मागणारा संगणक आपल्याजवळची प्रत टाकून देतो. म्हणून मजकूर डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हरनें पोंच द्यावयाची नाहीं. मार्च १९८९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या मसुद्यांत ही अट स्पष्ट आहे. एका वेळीं फार तर ८१९२ बाइट लिहावयाचे आणि दर वेळीं डिस्कची वाट पाहावयाची! साहजिकच लेखन अतिशय मंद चाले.

मग मोह पडला. मजकूर सर्व्हरच्या स्मृतींत आला कीं पोंच देऊन टाकावी, डिस्कवर मागाहून उतरवावा, अशी पळवाट निघाली. वेग वाढला खरा. पण त्या दोहोंच्या मधल्या काळांत वीज गेली, तर पोंच दिलेला मजकूर नाहींसा होई आणि ज्याचा गेला त्याला पत्ताहि नसे. लिनक्सवरील एन.एफ.एस. साधनांच्या १.०.० पर्यंतच्या आवृत्त्यांत हीच चाल मुळांत गृहीत धरलेली होती. पुढील आवृत्त्यांत ती बदलण्यांत आली.

सरळ उपाय जून १९९५ मधील तिसऱ्या आवृत्तीनें दिला. ‘मजकूर मिळाला’ आणि ‘मजकूर डिस्कवर उतरला’ या दोन गोष्टी तिनें वेगळ्या केल्या. पहिली पोंच लवकर मिळते. पण दुसरी मिळेपर्यंत मागणाऱ्यानें आपली प्रत जपून ठेवावयाची. प्रत्येक पोंचेबरोबर सर्व्हर एक आठ बाइटांची खूण पाठवितो. तो पुनः सुरू झाला कीं ती खूण पालटते, आणि ती पालटलेली दिसतांच मागणारा संगणक आपला पक्का न झालेला सर्व मजकूर पुनः धाडतो.

इतकें झालें तरी एक धोका उरतोच. कार्यक्रमानें लिहिलेला मजकूर प्रथम त्याच्याच संगणकाच्या स्मृतींत थांबतो. दूरची डिस्क भरली आहे, किंवा वापरणाऱ्याच्या वांट्याची जागा संपली आहे, हें पुष्कळदां फाइल बंद करतांना कळतें. ज्या कार्यक्रमांनीं बंद करण्याचें उत्तर तपासलेंच नाहीं, त्यांच्या दृष्टीनें सर्व कुशल असतें. फाइल मात्र अपुरी राहते. कार्नेगी मेलन विद्यापीठांतील अँड्र्यू योजनेंत तर प्रारंभीं सबंध फाइलच बंद करतांना परत जाई. तेथें त्या अखेरच्या उत्तराचें महत्त्व याहूनहि अधिक.

म्हणून लेखन फसलें असतां शोध क्रमानें करावा. प्रथम सर्व्हर उत्तर देतो कीं नाहीं तें पाहावें. मग जागा व वांटा तपासावा. नंतर दोन्ही संगणकांवर वापरणाऱ्याचा क्रमांक एकच आहे ना, तें पाहावें. कारण सर्व्हर सामान्यतः नांव न पाहतां क्रमांक पाहतो, आणि मुख्य व्यवस्थापकालाहि बहुधा परका समजतो. चवथें, मूळ फाइल कोणी मागच्या मागें काढून तर टाकली नाहीं? शेवटीं जोडणी ‘कठीण’ आहे कीं ‘मऊ’ तें विचारावें. कठीण जोडणी उत्तर येईपर्यंत थांबते. मऊ जोडणी कांहीं प्रयत्नांनंतर चूक कळवून हात झटकते, आणि ती चूक कार्यक्रमानें ऐकली नाहीं तर फाइलींत खिंडार पडतें.

थांबून राहिलेला संगणक पाहून माणूस चिडतो आणि जोडणी मऊ करावयास धांवतो. पण त्या थांबण्यांत मजकूर अद्याप त्याच्याच हातीं आहे, आणि संगणक चालू आहे तोंवर तो पुनः धाडतां येतो. खोटी पोंच घेऊन जो पुढें गेला, त्याला परत धाडावयास कांहींच उरत नाहीं.