मालदीव : देश, माणसे, रोजचे जगणे आणि पुसला गेलेला बौद्ध वारसा

श्रीलंका, म्यानमार, थायलंड या बौद्ध देशांची माहिती आपल्या तरुणांना बऱ्यापैकी असते. पण भारताच्या नैर्ऋत्येला समुद्रात पसरलेला मालदीव हा देश अनेक शतके बौद्ध होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पर्यटनाच्या जाहिरातींत निळे पाणी आणि पांढरी वाळू दिसते, तिथला माणूस आणि इतिहास दिसत नाही. म्हणून या लेखात आम्ही मालदीवचा भूगोल, लोकसंख्या, दैनंदिन जीवन आणि तिथल्या बौद्ध वारशाची माहिती एकत्र देत आहोत.

भूगोल

मालदीव हा आशियातील सर्वांत लहान देश आहे. सुमारे १,१९० प्रवाळ बेटे उत्तर-दक्षिण आठशेहून अधिक किलोमीटर पट्ट्यात विखुरलेली आहेत, पण सगळ्यांची मिळून जमीन जेमतेम ३०० चौरस किलोमीटर भरते. देशाचे दक्षिण टोक विषुववृत्ताच्या पलीकडे जाते. वस्ती असलेली बेटे दोनशेहून कमी आहेत.

ही बेटे कंकणासारख्या गोलाकार समूहांत आहेत. अशा समूहाला जगभर 'अ‍ॅटॉल' म्हणतात आणि हा शब्दच मुळी मालदीवच्या धिवेही भाषेतील 'अतोळू' या शब्दावरून आला आहे. डोंगर नाही, नदी नाही. जमिनीची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून दीड मीटरच्या आसपास, आणि सर्वांत उंच नैसर्गिक जागाही अडीच मीटरपेक्षा कमी. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथे ऐंशीहून अधिक माणसे दगावली. कंधोलुधू हे बेट लोकांना कायमचे सोडावे लागले आणि त्यांचे पुनर्वसन दुसऱ्या बेटावर करावे लागले. समुद्राची पातळी वाढली तर काय होईल, याकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी ऑक्टोबर २००९ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक पाण्याखाली घेतली होती.

लोकसंख्या आणि भाषा

२०२२ च्या जनगणनेनुसार इथे सुमारे ५ लाख १५ हजार लोक राहतात. त्यांतले साधारण एक चतुर्थांश परदेशी आहेत, म्हणजे मुख्यतः बांगलादेश, भारत, श्रीलंका आणि नेपाळमधून आलेले कामगार. बांधकाम, हॉटेल, सफाई, मालवाहतूक ही कामे बहुतेक त्यांच्याच हातांनी चालतात. देशातील सुमारे ४० टक्के लोक राजधानी माले आणि तिच्या आसपास राहतात. मूळ माले बेट साधारण दोन चौरस किलोमीटरचे, जगातील अतिशय दाट वस्तीच्या शहरांपैकी एक. गर्दी कमी करण्यासाठी १९९७ पासून समुद्रात भराव घालून हुलहुमाले हे नवे शहर उभारले गेले. २०१८ पासून माले आणि हुलहुमाले पुलाने व रस्त्याने जोडले गेले आहेत.

धिवेही ही इंडो-आर्य भाषा आहे आणि सिंहली तिची जवळची बहीण. मराठी माणसालाही तिच्यात ओळखीचे शब्द सापडतात. देशाला 'राज्जे' म्हणजे राज्य, माशाला 'मस', रोटीला 'रोशी'. आकडे मोजताना एकेह, तिनेह, दिहाएह. हीच भाषा भारतीय नागरिकही बोलतात. लक्षद्वीपमधील मिनीकॉय बेटावर तिला महल म्हणतात. पूर्वी ती डावीकडून उजवीकडे, भारतीय वळणाच्या लिपीत लिहिली जाई. आजची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात.

रोजचे जगणे

शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, रविवारपासून आठवडा सुरू होतो. न्याहारीला 'मस हुनी', म्हणजे टुना मासा, किसलेले खोबरे, कांदा आणि मिरची, सोबत रोशी आणि चहा. जेवणात 'गरुधिया' हे माशाचे पातळ सार आणि भात. तांदूळ, पीठ, साखर, भाजीपाला बहुतेक सगळे बाहेरून येते. टुना मासा मात्र त्यांचा स्वतःचा. तो आजही जाळ्याऐवजी काठी-गळाने एकेक करून पकडतात. उकडून, धुरी देऊन वाळवलेला हा मासा श्रीलंकेच्या स्वयंपाकघरात शतकानुशतके जातो आहे.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे तर 'धोनी' ही पारंपरिक होडी किंवा वेगवान बोट. मोठ्या आजारासाठी माले गाठावे लागते. अनेक जण उपचारासाठी तिरुवनंतपुरम किंवा कोलंबोला येतात. गोडे पाणी म्हणजे साठवलेला पाऊस किंवा खारेपण काढलेले समुद्राचे पाणी. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील असा प्रकल्प आगीमुळे बंद पडला, तेव्हा भारताने विमाने आणि जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचवले होते.

पर्यटन १९७२ मध्ये सुरू झाले. २०२४ मध्ये पर्यटकांची संख्या वीस लाखांवर गेली. पण बहुतेक रिसॉर्ट वेगळ्या, स्थानिक वस्ती नसलेल्या बेटांवर आहेत. त्यामुळे पर्यटकाला सामान्य मालदीवी माणसाचे घर क्वचितच दिसते.

बौद्ध मालदीव

इ.स. ११५३ मध्ये इथल्या राजाने इस्लाम स्वीकारला. त्याआधी कित्येक शतके बेटांवर धम्म होता. काशिधू बेटावर १९९६ ते १९९८ दरम्यान नॉर्वेच्या पुरातत्त्वज्ञांनी एका मोठ्या विहारसंकुलाचे अवशेष उघडे केले. त्याचा काळ इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांपर्यंत मागे जातो. तिथे कवड्यांचा मोठा साठाही सापडला. भारतात, विशेषतः बंगालमध्ये, चलन म्हणून चालणाऱ्या कवड्यांचा मोठा पुरवठा मालदीवहून होत असे. आपण 'कवडीमोल' म्हणतो त्या कवडीच्या व्यापारमार्गानेच भिक्खू आणि विचारही ये-जा करत होते.

बेटांवरील प्राचीन टेकाडांना लोक 'हवित्ता' किंवा 'उस्तुबु' म्हणतात. अभ्यासकांच्या मते हे शब्द चैत्य आणि स्तूप यांवरून आले. मूर्तीला धिवेहीत आजही 'बुधु' म्हणतात. धम्म गेला, पण तथागतांचे नाव असे भाषेत राहिले.

हा बदल सगळीकडे शांततेत झाला नाही. बाराव्या शतकाच्या अखेरचे राजाज्ञांचे ताम्रपट उपलब्ध आहेत. त्यांपैकी दंबिधू ताम्रपटात हद्धुन्मती येथील भिक्खूंना मालेला नेऊन ठार केल्याची, स्तूपांची छत्रे मोडल्याची आणि मूर्ती फोडल्याची नोंद आहे. ही नोंद जिंकणाऱ्यांनीच करून ठेवली आहे.

विसाव्या शतकात सिलोनचे पुरातत्त्व अधिकारी एच. सी. पी. बेल यांनी १९२० आणि १९२२ मध्ये या टेकाडांची पाहणी केली, मोजमापे घेतली. त्यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर १९४० मध्ये प्रकाशित झाला. पुढे त्यांतली काही टेकाडे बांधकामाच्या दगडासाठी उपसली गेली. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी मालेतील राजकीय उलथापालथीत जमाव राष्ट्रीय संग्रहालयात घुसला आणि इस्लामपूर्व काळातील सुमारे तीस शिल्पे फोडली. प्रवाळदगडातील बुद्धशिर आणि वज्रयान परंपरेची शिल्पे त्यात होती. शेकडो वर्षे मातीखाली टिकलेले काही मिनिटांत संपले.

आपण काय घ्यावे

हे वाचून कोणत्याही समाजाविषयी द्वेष बाळगणे आम्हाला मान्य नाही. फोडलेली शिल्पे जपून ठेवणारे, पुढे त्यांच्या डागडुजीसाठी झटणारेही मालदीवीच होते. मात्र काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली, २००८ च्या राज्यघटनेनुसार तिथे बिगर-मुस्लिम व्यक्तीला नागरिक होता येत नाही आणि इतर धर्माचे जाहीर आचरण करता येत नाही. तिथे काम करणाऱ्या श्रीलंकेच्या बौद्ध मजुराला वंदना खोलीच्या आतच करावी लागते. भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याची किंमत अशा वेळी कळते. १९५६ ची दीक्षाभूमी त्याच स्वातंत्र्यावर उभी आहे.

दुसरी, वारसा सांभाळणारा जिवंत समाज उरला नाही की स्तूपाचे टेकाड होते आणि टेकाडाचा बांधकामाचा दगड. बेल यांची मोजमापे नसती तर काही स्तूप तिथे होते हेही कळले नसते. महाराष्ट्रात लेणी संवर्धनाचे काम करणाऱ्या तरुणांनी हे ध्यानात घ्यावे. लेण्याला भेट देताना शिलालेखाचे, शिल्पाचे, पडझडीचे तारखेसह छायाचित्र घ्या, मोजमाप लिहा, जागेचे स्थानिक नाव वृद्धांकडून विचारून घ्या. उद्या वाद झाला किंवा दगड हलला, तर तीच नोंद पुरावा म्हणून उभी राहील.

तिसरी, जिथे जमीनच दीड मीटर उंच आहे, तिथे समुद्र वाढला तर विहाराचे अवशेष, मशीद आणि घरे यांत तो भेद करणार नाही. मालदीवच्या लोकांचा हवामानबदलाविरुद्धचा लढा म्हणून आपलाही आहे.