मनगटावरची कॅलरी : एका मोजमापाचा इतिहास

शिक्षकांच्या खोलीत हल्ली एक प्रश्न वरचेवर निघतो. चालणे आणि कॅलरी मोजणारा मनगटी पट्टा घ्यायचा आहे, कोणता घ्यावा? मग किमतींची तुलना होते, बॅटरी किती दिवस टिकते याची चौकशी होते. पण आपण विज्ञान शिकवणारी माणसे. आपण आधी वेगळा प्रश्न विचारायला हवा. 'आज २०० कॅलरी खर्च झाल्या' असे पट्टा सांगतो, ते त्याने मोजले कसे? याचे उत्तर शोधायला सव्वादोनशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते.

कॅलरी हे उष्णतेचे एकक आहे. १ किलोग्रॅम पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास लागणारी उष्णता म्हणजे १ किलोकॅलरी. आहारशास्त्रात तिलाच नुसते कॅलरी म्हणण्याची पद्धत पडली आहे. म्हणजे कॅलरी मोजायची तर शरीरातून बाहेर पडणारी उष्णता मोजायला हवी.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी नेमके हेच केले. चहूबाजूंनी बर्फ भरलेल्या पात्रात त्यांनी एक गिनीपिग ठेवला. खोलीतील उष्णता आत शिरू नये म्हणून बाहेरून बर्फाचा आणखी एक थर दिला. १० तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळला. त्या काळचा फ्रेंच औंस साधारण ३०.६ ग्रॅमचा, म्हणजे हा बर्फ झाला सुमारे ४०० ग्रॅम. १ ग्रॅम बर्फ वितळण्यास ८० कॅलरी लागतात. यावरून त्या लहानग्या प्राण्याने सुमारे ३२ किलोकॅलरी उष्णता दिली, हे गणित आपले विद्यार्थीही करू शकतील.

प्राण्याने जितका कार्बन डायऑक्साइड सोडला तितका निर्माण होईल एवढा कोळसा जाळला, तर सुमारे साडेदहा औंसच बर्फ वितळावा असा हिशेब निघाला. हा फरक त्यांनी लपवला नाही, त्याची कारणे शोधली. आणि श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, हा निष्कर्ष मांडला. पुढे १७९० च्या सुमारास लाव्हाझिएने आपला सहकारी सेगाँ याच्या तोंडावर मुखवटा बसवून, श्रम करताना ऑक्सिजनचा वापर कसा वाढतो ते मोजले. त्या वेळी नाडीचे ठोकेही मोजले होते. १७९४ मध्ये राज्यक्रांतीच्या धामधुमीत लाव्हाझिएचा शिरच्छेद झाला आणि हे काम अपुरे राहिले.

संपूर्ण माणसाचा हिशेब मांडला तो अमेरिकेतील अ‍ॅटवॉटर यांनी. १८९० च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ रोझा यांच्या साहाय्याने त्यांनी एक बंदिस्त खोली तयार केली. स्वयंसेवक त्यात काही दिवस राहत असे, तेथेच जेवत, झोपत असे आणि जागच्या जागी सायकल चालवत असे. नळ्यांतून वाहणारे पाणी त्याच्या शरीराची उष्णता वाहून नेई. आत गेलेले अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ उत्तम बसला. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम माणसालाही लागू आहे, हे दिसून आले.

पण खोली पाठीवर घेऊन डोंगर चढता येत नाही. १९११ मध्ये इंग्लंडच्या डग्लस यांनी उच्छ्वासाची हवा साठवणारी पिशवी वापरात आणली. १ लिटर ऑक्सिजन वापरला गेला की सुमारे ५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते, एवढे ठाऊक असले की पुरे! १९१९ मध्ये हॅरिस आणि बेनेडिक्ट यांनी वय, उंची, वजन आणि लिंग यांवरून विश्रांतीतील ऊर्जाखर्चाचा अंदाज बांधणारी सूत्रे दिली. ती २३९ प्रौढ अमेरिकन स्त्री-पुरुषांच्या मोजमापांवर आधारलेली होती. येथे एक महत्त्वाचा बदल झाला. मोजमापाच्या जागी अंदाज आला.

मनगटी पट्टा या अंदाजाच्या घराण्यातला आहे. १९६५ मध्ये जपानमध्ये 'मानपोकेई', म्हणजे 'दहा हजार पावले मोजणारे यंत्र', विक्रीस आले. दहा हजारांचा प्रसिद्ध आकडा या नावातून रूढ झाला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १६,७४१ वयस्कर स्त्रियांच्या अभ्यासात मात्र, मृत्यूच्या प्रमाणात होणारी घट सुमारे ७,५०० पावलांपाशी थांबलेली दिसली. १९८२ मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने छातीवरील पट्ट्यातून बिनतारी संदेशाने हृदयाचे ठोके दाखवणारे यंत्र आणले. आजचा पट्टा या दोन्ही गोष्टी करतो. हाताचे हेलकावे तो टिपतो आणि त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्ताची स्पंदने मोजतो. उष्णता आणि ऑक्सिजनचा वापर यांपैकी काहीच तो मोजत नाही. वय, वजन आणि ठोके एका सूत्रात घालून तो कॅलरीचा आकडा काढतो, आणि ते सूत्र कंपन्या सहसा उघड करत नाहीत.

२०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात सात पट्ट्यांची ६० स्वयंसेवकांवर परीक्षा झाली. सातांपैकी सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांहून कमी होती. कॅलरीच्या बाबतीत मात्र सर्वांत चांगल्या पट्ट्याचीही सरासरी चूक २७ टक्के, तर सर्वांत वाईटाची ९३ टक्के निघाली. म्हणजे खरा खर्च २०० असेल, तर चांगला पट्टाही २५४ किंवा १४६ दाखवू शकेल. त्या आकड्याच्या भरवशावर कुणी जेवण कमी-जास्त केले, तर फसगत ठरलेलीच.

तेव्हा खरेदीपूर्वी एक प्रयोग करा. कुणाचा तरी पट्टा तासभर मागून घ्या. १०० पावले मोजून चाला. मग दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या घेऊन तितकीच पावले चाला. नंतर खुर्चीत बसून नुसता हात हलवा. प्रत्येक वेळी मनगटावर बोट ठेवून नाडी मोजा आणि पट्ट्याचे आकडे शेजारी लिहा. पावले आणि नाडी तुम्हाला पडताळून पाहता येतील. कॅलरी येणार नाही, कारण त्यासाठी अ‍ॅटवॉटर यांची खोली लागेल. जे आकडे पडताळता येतात, त्यांच्यासाठी पट्टा जरूर घ्या. उरलेल्यासाठी जादा पैसे मोजू नका.